बंद खोलीतली ओल

पावसाळ्यातल्या ओलीचं आमच्याकडे कुणाला नवल नसतं. चार महिने कपड्यांना कुबट वास येणार, चपलांवर पांढरी लव धरणार, पापडाचा डबा उघडला की नाक मुरडावं लागणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलंच असतं. दसऱ्याच्या आसपास गोधड्या उन्हात पडतात आणि दिवाळीपर्यंत घर पुन्हा कोरडं खडखडीत होतं. त्या वर्षी मात्र दिवाळी होऊन गेली, भात कापून झालं, लोकांनी स्वेटर बाहेर काढले, आणि मग वादळ आलं.

तेव्हा आम्ही महाडजवळ बिरवाडीत भाड्याच्या खोलीत राहत होतो. नव्वदनंतरची ती सुरुवातीची वर्षं. माझा नवरा एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर होता. मुलगी नुकती चालायला लागली होती. घरमालकिणीच्या घरामागे ओळीने चार खोल्या बांधलेल्या होत्या, त्यातली कडेची आमची. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर स्लॅब. पुढे दार आणि दाराशेजारी एक खिडकी. मागची भिंत सलग, कारण तिच्या पलीकडे मालकिणीचं अंगण होतं.

त्या एका खिडकीचाही आम्हाला उपयोग नव्हता. ती कंपन्यांच्या बाजूला उघडायची. उन्हाळ्या-पावसाळ्यात वारा असायचा, वास वाहून जायचा. थंडीत वारा पडला की तो वास खाली बसायचा. गोडसर, घशात चिकटणारा. आमचे हे एकदा कंपनीतून आले ते आत न येता ओट्यावरच बसले होते. बरोबरचा एक माणूस टाकीजवळ वासाने चक्कर येऊन पडला होता आणि त्याला ह्यांनीच उचलून बाहेर आणलं होतं. तो माणूस वाचला, पण त्या दिवसापासून आमची खिडकी थंडीत उघडली नाही. ह्यांनी फटींत जुन्या चादरीच्या चिंध्या कोंबल्या, दाराच्या खाली पायपुसणं गुंडाळून ठेवायची सवय लावली. ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याला काय सांगायचं?

त्यात रात्रपाळीचा आठवडा असला की हे दिवसा झोपायचे. मग उजेडही नको आणि आवाजही नको. मी आणि मुलगी त्या अंधाऱ्या खोलीत कुजबुजत बसायचो. मी डोंगरावरच्या वाडीतली मुलगी. आमच्या घराला दार होतं, पण ते दिवसा लावल्याचं मला आठवत नाही. इथे मात्र भांडंसुद्धा दोन्ही हातांनी धरून खाली ठेवायला शिकले.

वादळ संध्याकाळी सुरू झालं ते दुसरा दिवस संपेपर्यंत थांबलं नाही. पाऊस वरून पडत नव्हता, आडवा येत होता. मालकिणीच्या अंगणाच्या बाजूने मागच्या भिंतीवर नुसता आपटत होता. स्लॅबवरचं पाणी जायचं भोक आंब्याच्या पाल्याने बुजलं होतं. पावसाळा संपला म्हणून कुणी ते बघितलंच नव्हतं. वर तळं साचलं. आधी छताच्या कोपऱ्यात एक काळसर डाग दिसला, मग तो उतरत उतरत भिंतीवर आला. ह्यांनी भर पावसात वर चढून पाला काढला, पण तोवर भिंत पाणी पिऊन बसली होती. चिरा पाणी पितो पटकन, सोडतो मात्र फार सावकाश.

वादळ गेलं आणि दोन-तीन दिवसांनी सासूबाई आल्या. पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. वाऱ्याने घरावरची अर्धी कौलं उडाली होती, एक वासा मोडला होता. शेळ्या शेजाऱ्यांच्या गोठ्यात बांधून, एका गाठोड्यात होतं नव्हतं ते घेऊन त्या एसटीने उतरल्या. मीही त्यांना ह्यांच्यासारखंच आये म्हणायचे. खोलीत पाऊल टाकल्याबरोबर त्यांनी हुंगून पाहिलं.

"काय गो, हितं काय कुजलंय काय?"

"भिंत ओली आहे, आये."

"खिडकी उघड की मग."

मी कंपन्यांच्या वासाचं सांगितलं. त्यांनी दाराखालच्या पायपुसण्याकडे बघितलं, खिडकीच्या चिंध्यांकडे बघितलं, आणि गाठोडं मांडीवर घेऊनच खाली बसल्या, जशा लगेच उठून जायच्या बेतात असाव्यात. पण जाणार कुठे? वासा मिळेपर्यंत, कौलं चढेपर्यंत त्यांना आमच्याजवळच राहायचं होतं.

बुरशी पहिल्यांदा दिसली ती कपाटामागे. लोखंडी कपाट मी केर काढायला पुढे ओढलं, तर मागे भिंतीवर मोहरी उधळावी तसे काळे ठिपके. फडक्याने पुसले, गेले. मला वाटलं, झालं. दोन दिवसांनी तेच ठिपके जोडून हातभर रुंद झाले. मग बिछान्याच्या वळकटीत, मग पाटाच्या खालच्या अंगाला, मग लग्नातल्या शालूच्या घडीवर हिरवट भुकटी. शालू बाहेर झटकला तेव्हा नाकात गेलेला तो वास मला अजून ओळखू येतो.

मी त्या बुरशीच्या मागे लागले. फिनेलच्या पाण्याने भिंत पुसली. ब्रशने घासली, तर चुन्याचे पापुद्रे हातात आले आणि खालून ओला चिरा दिसला. कोणी सांगितलं म्हणून मोरचूद आणलं, चुन्यात कालवून फासलं. भिंत निळसर पांढरी झाली आणि चार दिवस सुरेख दिसली. मग चुन्याच्या आतून पुन्हा काळं उमटायला लागलं. कडुलिंबाचा पाला जाळून धूर केला, तर मुलगी खोकून खोकून बेजार. गोधड्या सकाळी उन्हात टाकायचे, पण थंडीतलं ऊन आमच्या बोळात येईपर्यंत दुपार व्हायची आणि लगेच सरकायचं. संध्याकाळी गोधडी आत आणली की रात्रभर ती पुन्हा ओल ओढून घ्यायची. एवढ्याशा खोलीत चार माणसांचे श्वास, भाताची वाफ, आत वाळत घातलेली मुलीची लंगोटं. बाहेर जायला वाट कुठेच नव्हती. सकाळी उठलं की भिंत घामेजलेली असायची.

मुलीचा खोकला आधी साधा होता. मग तिच्या छातीत मांजरासारखी घुरघुर व्हायला लागली. आये तिला छातीशी धरून बसायच्या. स्वतःही खोकायच्या.

एकदा मी धीर करून ह्यांना म्हटलं, "अहो, दिवसा थोडा वेळ तरी खिडकी उघडू या का?"

"तुला माहीत नाही ते काय असतं," हे म्हणाले. आवाज चढवला नाही, पण पुढे बोलायलाही जागा ठेवली नाही. "ओलीने माणूस मरत नाही."

मग मी मालकिणीकडे गेले. आम्ही त्यांना भाभी म्हणत असू. त्यांचे मालक गल्फमध्ये होते, वर्ष-दोन वर्षांनी यायचे. घर, खोल्या, मुलांची शाळा सगळं भाभी एकट्या बघत. मात्र भिंतीत खिळा ठोकायचा तरी तिकडे विचारल्याशिवाय ठोकत नसत. मी म्हटलं, मागच्या भिंतीला वर एखादं भोक पाडू द्या, त्या बाजूला कंपनीचा वास नाही.

"तिकडे माझं अंगण हाय, बाय," भाभी म्हणाल्या. "सगळ्या गावात तेवढीच एक जागा, जिथे मी ओढणी बाजूला ठेवून बसते. खोल्यांत सगळे पुरुषमाणूस. भोक पाडलं की माझं अंगण गेलं."

"खूप वर पाडू. कुणाचं डोकं पोचणार नाही."

"शुक्रवारी बूथवर फोन येईल तेव्हा विचारते."

शुक्रवारी त्या एसटीडी बूथवर गेल्या. त्या परत आल्या तेव्हा मी दारातच उभी होते. त्यांनी मान हलवली. "नाय पण म्हणाले नाय, हां पण म्हणाले नाय. लाइन कटली." पुढच्या शुक्रवारीही तसंच काहीतरी झालं. मला तेव्हा त्यांचा राग यायचा. त्यांच्या अंगणाला आभाळ तरी होतं. त्या आभाळाखाली त्यांनाही माझ्याइतकंच कोंडल्यासारखं होत असेल हे मला फार उशिरा सुचलं.

आये मात्र एकाच गोष्टीवर ठाम होत्या. "आमच्या घरात बुरशी येत नाय, का? चूल विझत नाय म्हणून. हितं तुमचं ग्यास पेटवायचं नि बंद करायचं. भिंतीला शेक मिळंल कसा?"

त्यांचं म्हणणं मला पटलं. वाडीतल्या घरात कुठे बुरशी पाहिल्याचं मलाही आठवत नव्हतं. आम्ही शेगडी आणली, लाकडाचा लोणारी कोळसा आणला. ओट्यावर पेटवून, धूर निघून गेल्यावर, निखारे लाल झाले की शेगडी आत आणायची आणि भिंतीजवळ ठेवायची. पहिल्या दिवशी दार उघडं होतं आणि खरंच, भिंतीचा एक पट्टा सुकल्यासारखा वाटला. आये खूश झाल्या. मीही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हवा अगदी पडलेली होती आणि वास आला. मी सवयीने दार लावून घेतलं, कडी घातली, पायपुसणं खाली सरकवलं. हे कामावर होते. शेगडी आतच होती. निखारे छान फुललेले, धूर नाही, काही नाही. उबेने मुलगी आयेंच्या मांडीवर झोपली. मी तांदूळ निवडत बसले.

आधी डोकं दुखायला लागलं. मला वाटलं, कंपनीच्या वासाने. मग आये म्हणाल्या, "माझं डोळं मिटाय लागलं गो," आणि भिंतीला टेकल्या. मलाही आडवं व्हावंसं वाटत होतं. तांदळातला खडा आणि तांदूळ वेगळा दिसेना. त्या वेळी भीती अशी वाटलीच नाही, हेच आता आठवून अंगावर काटा येतो. एक सुस्ती होती, आणि कधी नव्हे ती ऊब.

मुलीचा हात आयेंच्या मांडीवरून घसरून खाली लोंबला. मी तिला हाक मारली. ती झोपेत कुरकुरणारी मुलगी, हाक मारली की तोंड वाकडं करायची. तिने काहीच केलं नाही. मी उठायला गेले तर पाय जागेवर नव्हतेच. गुडघ्यांवर पडले. दार तीन-चार पावलांवर होतं आणि कडी वर. मी रांगत दारापाशी गेले. हात वर केला, कडी हाताला लागली, पण बोटांत ती ओढायचं बळ नाही. खाली पायपुसणं अडकलेलं. मी ते दातांनी ओढलं की हातांनी, सांगता येणार नाही. दाराखालच्या फटीला तोंड लावून ओरडले. तो आवाज कसा निघाला असेल कोण जाणे. भाभी नंतर म्हणाल्या, वासरू हंबरतंय असं वाटलं.

फटीतून आलेल्या हवेने थोडं भान आलं असावं. दाराला धरून उभी राहिले, सगळं अंग टाकून कडी खाली ओढली आणि दारासकट बाहेर कोसळले. भाभी धावत येत होत्या. त्यांच्या डोक्यावर ओढणी नव्हती, एवढं मला लख्ख दिसलं. मी आत हात दाखवला. त्यांनी आधी मुलीला उचलून आणलं, ओट्यावर ठेवलं, मग आयेंना काखेत धरून ओढत आणलं. शेजारच्या खोलीतला पाळीवरून येऊन झोपलेला माणूस आवाजाने जागा होऊन आला, त्याने शेगडी उचलून बोळात फेकली.

मुलगी लाल दिसत होती, जशी उन्हात खेळून आली असावी. भाभी तिच्या तोंडावर पाणी मारत होत्या आणि तिला गदागदा हलवत होत्या. "रड गो! रड!" मग तिने एक उलटी केली आणि रडली. माझ्या आयुष्यात तेवढं गोड रडणं मी ऐकलेलं नाही.

रिक्षाने महाडला दवाखान्यात गेलो. तिथे आयेंना आणि मुलीला प्राणवायू लावला. डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं. "दार बंद करून कोळसा पेटवायचा नाही कधी," ते म्हणाले. "आणि ह्या मुलीची छाती आधीपासून भरलेली आहे. घरात ओल आहे का?"

"आहे."

"मग औषध मी देतो, पण हवा मी देऊ शकत नाही. ती तुम्हाला बघावी लागेल."

हे कंपनीच्या कपड्यांतच आले. दवाखान्याच्या बाकावर माझ्याजवळ बसले. मला वाटत होतं, ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, "वास आला होता का? शेगडीचा?"

"नाही. काहीच नाही."

निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, हे बॉयलरवर काम करणाऱ्या माणसाला माहीत होतं. कंपनीत त्याबद्दल सांगितलेलं होतं. पण घरात कुणी निखारे फुलवील असं त्यांच्या मनात आलंच नव्हतं, आणि आम्ही ते त्यांना सांगितलं नव्हतं.

"कंपनीचा वास कळतो तरी," ते म्हणाले. "कळला तर उठून लांब जाता येतं. हे कळलंच नाही तुम्हाला."

घरी परतलो त्या संध्याकाळी भाभी स्वतः आमच्या दाराशी आल्या. ओढणी नीट घेतलेली, चेहरा उतरलेला. "पाडा भोक," त्या म्हणाल्या. "उद्याच पाडा. वर पाडा नि जाळी बसवा."

"पण तिकडे विचारलंत?" मी म्हटलं.

"विचारणार नाय. सांगेन."

सुट्टीच्या दिवशी ह्यांनी छिन्नी-हातोडा घेतला. कपाटावर पाट ठेवून त्यावर उभे राहिले आणि छताच्या जरा खालचा एक चिरा कडेने सोडवायला लागले. ओला चिरा, भुगा भिंतीवरून ओघळत होता. मी आणि आये खाली उभ्या. आये मुलीला घेऊन, भाभी पलीकडे अंगणात. चिरा हलला, ह्यांनी तो पलीकडे ढकलला नाही, अंगावर ओढून घेतला, अंगणात पडून कुणाला लागू नये म्हणून. आणि त्या चौकोनातून उजेड आला. मावळतीचा उजेड आमच्या समोरच्या भिंतीवर पडला. त्या भिंतीवर मी कधी ऊन बघितलं नव्हतं. मुलीने बोट दाखवलं.

पलीकडून भाभींनी विचारलं, "काय दिसतं माझं?"

हे म्हणाले, "नारळाचा शेंडा दिसतो, भाभी. बाकी काही नाही."

त्या चौकोनात सिमेंटची जाळी बसली. पुढच्या खिडकीच्या चिंध्याही ह्यांनीच ओढून काढल्या. वास आला की खिडकी लावायची, गेला की उघडायची, असं ठरलं. पहिले काही दिवस तो वास खोलीत आला की ह्यांची मान ताठ व्हायची, हात खिडकीकडे जायचा. मग सवय झाली की नुसतं सहन करत होते, ते मी विचारलं नाही.

भिंत वाळायला शिमगा उजाडला. मी कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवलं ते कायमचं, त्याने खोली आणखी लहान झाली. लंगोटं बाहेर ओट्यावर, भातावर झाकण, स्वयंपाक करताना दार उघडं. भिंत पूर्ण सुकल्यावर मोरचूद घातलेला चुना पुन्हा फासला आणि तेव्हा तो धरला. आधी ओल्या भिंतीवर फासत होते, तेच चुकत होतं. दर पावसाळा संपला की, आणि नंतर अवेळी आभाळ आलं तरीसुद्धा, हे स्लॅबवर चढून भोक साफ करायचे. काळे ठिपके पुन्हा आले नाहीत असं नाही. कोपऱ्यात यायचे. पण ते पुसले की पुसले जायचे.

भाभींच्या मालकांना जाळीचं कळलं तेव्हा फोनवर बरीच बोलाचाली झाली म्हणे. भाभी बूथवरून आल्या आणि सरळ आमच्या ओट्यावर बसल्या, हे घरी नव्हते म्हणून. "म्हणाले, विचारलं का नाय? मी म्हटलं, विचारत बसले असते तर तीन मुडदे निघाले असते तुमच्या खोलीतून." आणि हसल्या. मी त्यांना चहा दिला.

आये वासा बसायची वाट न बघता वर निघून गेल्या. अर्ध्या घरावर ताडपत्री टाकून राहिल्या. आम्ही खूप थांबवलं.

"आये, कौलं तर चढू देत."

"माझ्या हातून नात गेली असती गो," एवढंच म्हणाल्या. मी किती वेळा सांगितलं, कडी मी घातली होती, कोळसा आपण दोघींनी आणला होता. पोलादपूरच्या एसटीत त्यांना बसवलं तेव्हा मुलगी त्यांच्याकडे जायला हात पसरत होती. त्यांनी तिचा हात हातात घेतला, तोंडाला लावला आणि सोडला.

त्यानंतर त्या आमच्याकडे राहायला कधी आल्या नाहीत. नाचणी, वालाच्या शेंगा, शेळीचं दूध बाटलीत घेऊन सकाळी यायच्या, ओट्यावर बसून नातीशी खेळायच्या आणि दुपारच्या गाडीने परतायच्या. आत या म्हटलं तर म्हणायच्या, "हितंच बरं हाय." जेवणाचं ताटही ओट्यावरच.

मुलीची घुरघुर उन्हाळ्यात थांबली. थंडीत खोकला यायचा, पण तसा नाही. आम्ही त्या खोलीत अजून बरीच वर्षं काढली, कारण दुसरी परवडणारी जागा कंपन्यांच्या आणखी जवळ होती आणि लांब गेलं तर ह्यांना पाळी गाठता येत नव्हती. दर हिवाळ्यात आभाळ भरून आलं की मी पहिल्यांदा कपाटामागे हात घालून भिंत चाचपायचे. कोरडी लागली तरी थोड्या वेळाने पुन्हा चाचपायचे.

एकदा आये ओट्यावरूनच म्हणाल्या, "चल गो वर, पोरीला घेऊन. चार दिवस वारा खा."

मी म्हटलं, "ह्यांना विचारते."

त्या नातीच्या केसांतून हात फिरवत, गाडीची वेळ होईपर्यंत बसून राहिल्या. त्या गेल्यावर मी ओटा झाडला, ताट घासलं, आणि आत येऊन खिडकी उघडी आहे ना ते बघितलं.